सात पानांची फांदी कापावी का?

तुमच्या घरी गुलाबाची एखादी कुंडी असेल, तर पावसाळा सरता सरता एक गोष्ट तुमच्या पाहण्यात आली असेल. वर्षभर गुडघ्याएवढे राहिलेले झाड एके दिवशी अगदी बुडाशी एक जाडजूड, तांबूस कोंब काढते. चार-सहा दिवसांत तो वीतभर होतो आणि तीन-चार आठवड्यांत जुन्या फांद्यांच्या डोक्यावरून वर निघून जातो. जुन्या फांद्या पेन्सिलीएवढ्या, तर हा करंगळीएवढा जाड! मग घरातले कोणी जाणते माणूस जवळ येते, पाने मोजते आणि निकाल देते, "सात पानं आहेत. ही रानटी फूट. कापून टाक!"

या निकालाविरुद्ध मला आज तुमच्यापुढे अपील करायचे आहे.

तुम्ही म्हणाल, हे गृहस्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतात, गुलाबाच्या फांदीशी यांचा काय संबंध? पदार्थविज्ञानाच्या माणसाने वनस्पतींकडे वळण्याची वाट आपल्याकडे फार मोठ्या माणसाने घालून दिलेली आहे. जगदीशचंद्र बसू हे मुळात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. विद्युत्‌लहरींवर काम केल्यानंतर ते वनस्पतींकडे वळले आणि रोपाची क्षणाक्षणाची वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवणारे क्रेस्कोग्राफ नावाचे यंत्र त्यांनी बनवले. माझा संबंध मात्र याच्या मानाने फारच लहान आहे आणि थोडासा लाजिरवाणाही आहे. तो आधी सांगतो.

भाईंदर पूर्वेला इंद्रलोक नावाची वस्ती आहे. तेथे मी राहतो. इमारतींना लागून इमारती, खाडीवरून येणारा दमट वारा आणि ऊन मिळेल त्या चार-पाच हात जागेत लोकांनी मांडलेल्या कुंड्या, असा आमचा परिसर. आमच्याच इमारतीत नववीत शिकणारी एक मुलगी आहे. तिने जिन्याजवळच्या उन्हाच्या पट्ट्यात एक लाल गुलाब वाढवला होता. त्याला दोनच जुन्या फांद्या होत्या आणि त्यांतली एक पावसाळ्यात शेंड्याकडून काळी पडत खाली वाळत आली होती. सप्टेंबरच्या शेवटी त्या झाडाने बुडाशी असाच एक जोरकस कोंब काढला. मुलगी मला बोलवायला आली. मी गेलो, एक पान हातात घेतले, पर्णिका मोजल्या. सात भरल्या. मी म्हणालो, "रानटी आहे, काप."

तिने विचारले, "सर, कशावरून?"

मी म्हणालो, "अगं, ही सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट आहे."

तिने फांदी कापली. ऑक्टोबरमध्ये उरलेल्या फांदीची रीतसर छाटणी केली. तिला दोन दुबळे डोळे फुटले आणि दिवाळीपर्यंत तीही वाळली. नोव्हेंबरात एका रविवारी ती मुलगी झाडाचे खोड मुळांसकट धुऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आली. टेबलावर ठेवून तिने बोटाने दाखवले, "सर, कलमाचा सांधा इथे आहे आणि आपण कापलं ते इथे." सांध्याची गाठ स्पष्ट दिसत होती. आमच्या कापाची खूण तिच्या वर दोन बोटे होती. म्हणजे आम्ही कापली ती फांदी रानटी नव्हती. झाडाला वाचवू शकली असती अशी तीच एक फांदी होती.

एक गुलाब मेला, ही काही फार मोठी हानी नव्हे. रोपवाटिकेत तसाच दुसरा मिळतो. मला लागले ते वेगळेच. वर्गात वीस वर्षे "कशावरून?" विचारा असे मुलांना सांगणाऱ्या माणसाला एका मुलीने खरोखरच "कशावरून?" विचारले, तेव्हा त्याने "सगळ्यांना ठाऊक आहे" असे उत्तर दिले होते.

एका झाडात दोन झाडे

मुळात "रानटी फूट" ही भीती खोटी नाही. ती कोठून आली ते पाहू.

रोपवाटिकेतून आपण आणतो तो मोठ्या फुलाचा गुलाब बहुतेक वेळा एक झाड नसतो. ती दोन झाडे असतात. खाली मुळांसकट असतो तो खुंट. तो एखाद्या काटक, जोमदार जातीचा असतो. आपल्याकडे रोझा मल्टिफ्लोरा, रोझा इंडिका अशा जातींचे खुंट वापरतात. या खुंटाच्या सालीवर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर देऊन तिच्यात हव्या त्या गुलाबाचा एक डोळा बसवतात आणि पट्टीने घट्ट बांधतात. यालाच डोळा भरणे म्हणतात. डोळा जगला, फुटला, की त्याच्या वरचा खुंटाचा भाग कापून टाकतात. पुढे आपल्याला दिसणारी प्रत्येक फांदी त्या एका डोळ्याची संतती असते. मुळे एकाची, फुले दुसऱ्याची! ही जोड जेथे झाली तेथे एक गाठ राहते. तोच कलमाचा सांधा.

आता खुंट काही मेलेला नसतो. त्याच्या अंगावरचा एखादा झोपलेला डोळा जागा झाला, तर सांध्याच्या खालून किंवा मुळावरून खुंटाचीच फूट वर येते. ती जोमदार असते, मुळे तिची स्वतःची असतात आणि तिला मोकळे सोडले तर एक-दोन वर्षांत वरचे कलम उपाशी पडून मरते. "आमचा लाल गुलाब पांढरा झाला" अशी तक्रार तुम्ही ऐकली असेल. गुलाब रंग बदलत नसतो. लाल मेलेला असतो आणि खालचा मल्टिफ्लोरा आपल्या पांढऱ्या, लहान फुलांचे घोस घेऊन उभा असतो.

तेव्हा खुंटाची फूट काढलीच पाहिजे, याबद्दल माझे जाणत्या मंडळींशी भांडण नाही. भांडण आहे ते ती ओळखण्याच्या रीतीशी.

प्रमेय आणि त्याचा व्यत्यास

मल्टिफ्लोराचे पान हे संयुक्त पान असते. त्यात पाच ते नऊ पर्णिका असतात, बहुधा सात किंवा नऊ. बागेतल्या मोठ्या फुलाच्या गुलाबाच्या पानात बहुतेकदा पाच दिसतात. यावरून कोणीतरी एक निरीक्षण केले, "खुंटाच्या फुटीला सात पर्णिका असतात." निरीक्षण बरोबर आहे. पुढे तोंडातोंडी ते उलटे झाले, "सात पर्णिका असतील तर ती खुंटाची फूट." येथे गाडी रुळावरून घसरली.

भूमितीत तुम्ही प्रमेय आणि त्याचा व्यत्यास शिकता. चौकोन चौरस असेल तर त्याचे कर्ण समान असतात. याचा व्यत्यास काय? कर्ण समान असतील तर तो चौकोन चौरस असतो. हे खरे आहे का? नाही, कारण आयताचेही कर्ण समान असतात. प्रमेय खरे असले म्हणून व्यत्यास खरा ठरत नाही. त्याची सिद्धता वेगळी द्यावी लागते. परीक्षेत हे आपण बिनचूक लिहितो आणि कुंडीपाशी विसरतो. मलेरियात ताप येतो, म्हणून प्रत्येक ताप मलेरियाचा नसतो. डॉक्टर रक्त तपासायला सांगतात ते याच कारणाने.

गुलाबाच्या बाबतीत हा व्यत्यास चक्क खोटा आहे. बागेतल्या उत्तम कलमी गुलाबाचा फुटवा जेव्हा बुडापासून भर जोमात वाढत असतो, तेव्हा त्याच्या पानांतही कित्येकदा सात पर्णिका येतात. त्याच फांदीवर फुलाजवळची पाने पाहा. तेथे तीन किंवा पाचच आढळतील. पर्णिकांची संख्या ही जातीबरोबर फांदीच्या जोमावर आणि पानाच्या जागेवरही अवलंबून असते.

एक लहानसा हिशेब करू. हे आकडे मी केवळ हिशेबासाठी मानलेले आहेत. समजा, एका वसाहतीतल्या कुंड्यांत मिळून २० जोरकस फुटवे आले. त्यांतले ४ खुंटाचे आहेत आणि त्या चारांनाही सात पर्णिका आहेत. उरलेले १६ अस्सल कलमाचे आहेत. त्यांतल्या निम्म्यांना, म्हणजे ८ फुटव्यांना सात पर्णिका आहेत. आता "सात दिसली की काप" असे म्हणणाऱ्याच्या कात्रीखाली किती फुटवे येतील? ४ आणि ८ मिळून १२. त्यांतले ८ निरपराध! नियमाने एकही गुन्हेगार सोडला नाही हे खरे, पण एका गुन्हेगारामागे दोन निरपराधांना सजा दिली. आपल्या वसाहतीतले खरे आकडे काय आहेत, हे मोजल्याशिवाय हा नियम चांगला की वाईट हे कोणालाच सांगता येणार नाही.

मग ओळखावे कसे?

प्रश्न "पाने किती?" हा नाहीच. प्रश्न आहे, "फांदी कोठून निघाली?" बोटांनी किंवा जुन्या चमच्याने बुडाजवळची माती हळूच बाजूला करा आणि सांध्याची गाठ शोधा. फुटवा गाठीतून किंवा तिच्या वरून निघाला असेल तर तो कलमाचा, गाठीच्या खालून निघाला असेल तर खुंटाचा. या तपासणीला पाच मिनिटे लागतात.

गाठ सापडत नसेल तर आणखी पुरावे गोळा करावेत. पानाच्या देठाच्या तळाशी दोन बाजूंना चिकटलेली चिंचोळी उपपर्णे असतात. मल्टिफ्लोरात त्यांच्या कडा फणीच्या दातांसारख्या चिरलेल्या दिसतात. साध्या भिंगातून हे सुरेख दिसते. पण येथेही घाई नको. लहान फुलांचे घोस देणाऱ्या काही बागेतल्या गुलाबांच्या पूर्वजांत मल्टिफ्लोरा आहे आणि तशी उपपर्णे त्यांच्याकडेही वारशाने आलेली असू शकतात. तेव्हा नव्या फांदीची पाने, काटे आणि उपपर्णे त्याच झाडाच्या जुन्या फांदीशी ताडून पाहावीत. आणखी एक खूण काळ देतो. बागेतल्या गुलाबांमध्ये चीनमधील गुलाबांकडून आलेला पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण असतो, म्हणून त्यांच्या फुटव्याच्या टोकाला काही आठवड्यांत कळी दिसते. मल्टिफ्लोराची नवी फूट त्या हंगामात बहुधा फुलतच नाही.

कोवळ्या कोंबाचा तांबडा रंग मात्र पुराव्यात धरू नका. तो अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे येतो आणि पान जून झाले की झाकला जातो. आणि झाड छाट कलमाने, म्हणजे फांदीचा तुकडा मातीत खोचून वाढवलेले असेल, तर त्याला खुंटही नसतो आणि सांधाही नसतो. तेथे मातीतून येणारा प्रत्येक फुटवा त्याच गुलाबाचा. त्याला रानटी ठरवून कापणे म्हणजे निव्वळ अन्याय!

शेंड्याचे राज्य

आता, हा फुटवा इतका मोलाचा का?

गुलाब हे आंब्यासारखे एका खोडावर शंभर वर्षे उभे राहणारे झाड नव्हे. ते झुडूप आहे. त्याच्या फांद्या काही वर्षांत जून होतात, साल खरखरीत होते आणि फुले लहान होत जातात. बुडापासून आलेल्या नव्या फांद्या त्यांची जागा घेतात. म्हणजे बुडाचा फुटवा हा झाडाचा वारस असतो. तो दरवर्षी कापत राहिल्यास झाड म्हाताऱ्या फांद्यांवरच जगते आणि एक दिवस संपते.

हा वारस इतके दिवस गप्प का बसतो, याची कथा विज्ञानात मोठी रंजक आहे. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवले, की गवताच्या कोंबाचे टोक प्रकाश ओळखते, पण वाकतो तो खालचा भाग. म्हणजे टोकाकडून खाली काहीतरी संदेश जातो. हॉलंडमधील फ्रिट्स वेन्ट यांनी हा संदेश आगरच्या तुकड्यात पकडला. १९२८ साली त्यांचे हे काम प्रसिद्ध झाले. हा पदार्थ म्हणजे ऑक्झिन. पुढे १९३३-३४ च्या सुमारास थीमन आणि स्कूग यांनी घेवड्याच्या एका जातीचा शेंडा खुडून त्या जागी ऑक्झिन लावले, तेव्हा शेंडा नसतानाही खालचे डोळे झोपलेलेच राहिले. शेंडा जिवंत असेतोवर खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो, याला शेंड्याचे वर्चस्व म्हणतात. छाटणी म्हणजे हे राज्य उलथून टाकणे होय.

पण गोष्ट येथे संपली नाही. खालचे डोळे दाबण्यासाठी ऑक्झिन स्वतः त्या डोळ्यांत शिरत नाही, असे आढळले. मग २००८ साली स्ट्रायगोलॅक्टोन नावाची द्रव्येही फुटव्यांना आवर घालतात हे समजले. २०१४ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी वाटाण्यावर दाखवले, की शेंडा खुडल्यावर ऑक्झिन कमी होण्याची वाट न पाहताच खालचे डोळे हलू लागतात, कारण शेंड्याकडे जाणारी साखर आता त्यांच्याकडे वळलेली असते. गुलाबाच्या डोळ्यांना फुटण्यासाठी उजेडही लागतो, हे फ्रान्समधील अभ्यासातून दिसून आले आहे.

पाहा, खुद्द शास्त्रज्ञांनी आपला नियम ऐंशी वर्षांत किती वेळा तपासला आणि सुधारला! आणि आपला सात पानांचा नियम? तो आजोबांकडून नातवाकडे जसाच्या तसा येतो.

एकच शब्द, दोन न्याय

नागपूरकडच्या संत्र्याच्या किंवा सोलापूरकडच्या डाळिंबाच्या बागायतदाराला विचारा. खोडावरून सरळ वर जाणाऱ्या जोरकस फुटव्याला तो पानसोट म्हणतो आणि काढून टाकतो. त्याचे बरोबर आहे. ते फुटवे अन्न खातात, सावली करतात आणि फळ देत नाहीत. गुलाबाचा बुडाचा फुटवाही दिसायला अगदी तसाच, म्हणून काही जण त्यालाही पानसोट म्हणतात आणि तोच न्याय लावतात. परंतु गुलाब नव्या फुटीच्या टोकाला फुलतो. संत्र्याला जे ओझे, ते गुलाबाला भांडवल. नाव सारखे असले म्हणून न्याय सारखा होत नाही.

याचे उत्तम उदाहरण पुणे जिल्ह्यात तळेगाव दाभाडे परिसरातल्या हरितगृहांत दिसते. परदेशी जाणारे लांब दांड्याचे गुलाब पिकवणारे शेतकरी सुरुवातीच्या कमकुवत फांद्या कापत नाहीत. ते त्या मुद्दाम खाली वाकवून ठेवतात. वाकवलेल्या फांदीचा शेंडा खाली गेला की त्याचे वर्चस्व ढिले पडते, तिची पाने मात्र अन्न तयार करीत राहतात आणि त्या अन्नावर बुडापासून जाडजूड सरळ फुटवे उसळतात. त्यांच्यावरच पुढचे पीक उभे राहते. म्हणजे जो फुटवा आपण जिन्याखाली कापून टाकतो, तो मिळावा म्हणून हे शेतकरी खटपट करतात.

फुटवा सांभाळावा कसा?

फुटवा कलमाचा ठरला, की त्याला वाढू द्या. पण तो एकदम उंच जातो आणि त्याचा तळ अजून कोवळा असतो. येथे थोडे पदार्थविज्ञान उपयोगी पडते. फुटवा ३० सेंटिमीटरचा ६० सेंटिमीटर झाला, तर वारा अडवणारे क्षेत्र ढोबळमानाने दुप्पट झाले आणि वाऱ्याच्या बलाचे तळापासूनचे सरासरी अंतरही दुप्पट झाले. बल गुणिले अंतर म्हणजे आघूर्ण. ते चौपट झाले! वारा तोच, पण तळाशी ताण चौपट. म्हणून असे फुटवे मध्ये न मोडता बुडाशी निखळतात. आमच्यासारख्या खाडीकाठच्या वस्तीत तर हे हमखास घडते. बांबूची काठी रोवून सुतळीने सैल बांधावे. सुतळीचा वेढा इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा घ्यावा, म्हणजे साल घासत नाही.

फुटवा सुमारे दीड ते दोन फूट झाला की त्याचा कोवळा शेंडा नखाने खुडावा. शेंड्याचे राज्य गेले की खालचे दोन-तीन डोळे फुटतात आणि एका काठीऐवजी फांद्यांचा सांगाडा तयार होतो. न खुडल्यास टोकाला एकदम फुलांचा मोठा झुबका येतो आणि फांदी त्याच्या भाराने वाकते. पुढे ऑक्टोबरच्या छाटणीत तीन-चार सशक्त फांद्या ठेवून वाळक्या, जून आणि एकमेकींत घुसलेल्या फांद्या काढाव्यात. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या थोडा वर, धारदार कात्रीने घ्यावा. साधारण सहा-सात आठवड्यांत नवी फुले येतात.

आणि फुटवा खुंटाचा ठरला तर? तर दयामाया नको. पण तो मातीच्या वर कात्रीने छाटू नका. खाली राहिलेल्या बुडख्यावर झोपलेले डोळे असतात आणि शेंडा गेला की एकाऐवजी तीन उठतात. माती उकरून तो जेथून निघाला तेथून ओढून, उपटून काढावा. शेंड्याच्या वर्चस्वाचा नियम कळला, की ही रीत पाठ करावी लागत नाही.

नियमांचा मान, पण केवढा?

एखादा माळी म्हणेल, "साहेब, पन्नास वर्षांचा अनुभव तुम्ही मोडीत काढता?" नाही. अनुभवाने आलेला नियम हा धोक्याची घंटा असतो. सात पर्णिका दिसल्या, की संशय घ्यावा, माती उकरून पाहावे. येथवर नियमाचा मान. पण घंटा वाजली म्हणून कोणी फाशी देत नाही.

कोणत्याही कृतीपूर्वी मी आता दोन प्रश्न विचारू लागलो आहे. माझे चुकले तर नुकसान किती? आणि ते भरून काढता येईल का? खुंटाची फूट आठवडाभर जास्त राहिली, तर झाडाचे फारसे बिघडत नाही. ती पुढच्या रविवारीही काढता येते. अस्सल फुटवा कापला तर तो परत चिकटवता येत नाही. जी चूक दुरुस्त होत नाही, तिच्यापूर्वी पुरावा अधिक मागावा. मात्र "पाहू पुढे" म्हणत वर्षभर बसणे हीसुद्धा चूकच. तोवर खुंट कलमाला गिळून टाकतो.

बागकामातले नियम तपासता येतात. २०१७ साली बंद पडलेल्या ब्रिटनमधील रॉयल नॅशनल रोझ सोसायटीने एके काळी डोळा पाहून केलेली काळजीपूर्वक छाटणी आणि कुंपणाच्या कात्रीने केलेली सरसकट छाटणी यांची शेजारी शेजारी तुलना केली होती. सरसकट छाटलेल्या झाडांनीही भरपूर फुले दिली! यावरून आपण कात्री सरसकट चालवावी असे मी म्हणत नाही, हवा वेगळी आणि जाती वेगळ्या. पण त्या लोकांनी आपल्याच शिकवणुकीला प्रश्न विचारला, हे मला फार आवडते. आपल्याकडे डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांनीही गहू आणि गुलाब यांवर सारख्याच शास्त्रीय दृष्टीने काम केले. ते १९६५ साली भारतीय कृषि अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले. त्यांनी तयार केलेल्या एका पांढऱ्या गुलाबाचे नाव 'डॉ. होमी भाभा' असे आहे, हे पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे.

शिक्षकमित्रांना माझी एक विनंती आहे. शाळेच्या बागेत "फुलांना हात लावू नये" अशी पाटी असते. निदान चार कुंड्या अशा ठेवा, की ज्यांना मुलांनी हात लावावा, माती उकरावी, मते मांडावीत, कापावे आणि चुकावे. कापण्यापूर्वी प्रत्येकाने वहीत एक ओळ लिहावी : "मी ही फांदी कापतो, कारण...". फांदी खुंटाची की कलमाची याच्या उत्तराइतके गुण त्या "कारण" शब्दापुढे काय लिहिले त्याला द्यावेत. आणि एखाद्या मुलीने आपल्याला "कशावरून?" विचारले, तर तिच्याबरोबर खाली बसून माती उकरावी. मी ते केले असते, तर पाच मिनिटे लागली असती.

ज्यांच्याकडे गुलाब नाही त्यांनीही हात बांधून बसू नये. दोन खोक्यांत वालाची दहा-दहा रोपे वाढवा. रोपाला तीन-चार पाने आली की एका खोक्यातल्या रोपांचे शेंडे खुडा, दुसऱ्यातले तसेच ठेवा. पाणी आणि ऊन सारखे द्या. दोन आठवडे रोज बाजूचे फुटवे मोजून तक्ता करा. शेंड्याचे राज्य म्हणजे काय, ते त्या तक्त्यात दिसेल.

आमच्या इमारतीतल्या त्या मुलीने नवीन गुलाब आणला आहे. यंदा त्यालाही बुडाशी एक फुटवा आला आहे. तिने मला बोलावले, पण या वेळी पाने मोजायला नव्हे. सांध्याच्या जागी तिने आधीच लाल दोरा बांधून ठेवला होता आणि वहीत वसाहतीतल्या सगळ्या गुलाबांचा तक्ता सुरू केला होता : कुंडी, फुटवा सांध्याच्या वर की खाली, पर्णिका किती. तुम्हीही आपल्या वस्तीत असा तक्ता करा. निदान दहा फुटवे तरी मोजा. मग सात पानांच्या नियमाला किती मान द्यायचा, ते तुमचे तुम्हीच ठरवा. माझेही तेवढ्यावरून ऐकू नका.